दार उघडे ठेवून भागत नाही

स्वित्झर्लंड आणि इटली यांच्या सीमेलगत ग्रेट सेंट बर्नार्ड ही खिंड आहे. उंची २,४६९ मीटर, म्हणजे कळसूबाईच्या दीडपट. ऑक्टोबरात बंद झालेला रस्ता जूनच्या सुमारास उघडतो. मधल्या काळात वर जायचे तर पायांना स्की बांधून, हिमलोट कोसळणाऱ्या दरीतून चढावे लागते. ‘मृतांची दरी’ हेच तिचे नाव. चढण संपते तिथे एक प्रशस्त दगडी इमारत उभी आहे. तिच्या दाराला शतकानुशतके कुलूप लागलेले नाही, असे सांगतात. हिवाळ्यात आलेल्याच्या हाती आधी गरम चहा दिला जातो, तोही फुकट. नावगाव मग.

ही धर्मशाळा सुमारे १०५० साली इटलीच्या बाजूच्या आओस्ता गावातल्या चर्चमधले वरिष्ठ धर्माधिकारी बर्नार्ड यांनी उभारली. उत्तर युरोपातून रोमला जाणारी यात्रेची वाट याच खिंडीतून जाते. कँटरबरीचे आर्चबिशप सिगेरिक ९९० मध्ये याच वाटेने रोमहून परतले होते. थंडी तर होतीच, वर लुटारूंचा सुळसुळाट. लुबाडलेले, गारठलेले प्रवासी खाली आओस्तात येऊन पोचत आणि ते पाहूनच बर्नार्ड यांनी हे काम हाती घेतले, असे परंपरा सांगते.

मत्तयाच्या शुभवर्तमानात ख्रिस्त स्वतःला भुकेल्यात आणि परक्यात पाहायला सांगतो. संत ऑगस्टीनच्या नियमाने राहणाऱ्या इथल्या धर्मबंधूंनी ते जसेच्या तसे घेतले. इथे ख्रिस्ताची आराधना होते आणि इथेच त्याला जेवूही घातले जाते, असे त्यांचे लॅटिन ब्रीद आहे. देवघर आणि स्वयंपाकघर त्यात एकाच ओळीत आले आहेत.

पण अशा जागी नुसते दार उघडे ठेवून भागत नाही. निवाऱ्याची ज्याला सर्वांत जास्त गरज, नेमका तोच दारापर्यंत पोचत नाही. म्हणून इथे पाहुण्याला आणायला जाण्याची रीत पडली, आणि हेच या घराचे खरे मोठेपण. हिवाळ्यात मठाचे सेवक, त्यांना ‘मारोनिए’ म्हणत, खिंडीच्या दोन्ही अंगांना उतरत. लांब काठीने बर्फाचा ठाव घ्यायचा, रात्रीत बुजलेली वाट तुडवून मोकळी करायची, जवळ पाव आणि वाइन ठेवायची आणि भेटेल त्याला वर घेऊन यायचे. धुके दाटले की मठाची घंटा वाजू लागे. वाट चुकलेल्याला निदान दिशा तरी कळावी.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात मठात आलेले थोराड कुत्रे पुढे याच कामाला लागले. त्यांना बर्फाखालच्या माणसाचा वास लागे. त्यांतल्या बॅरीने (१८०० ते १८१४) चाळीस जणांचे प्राण वाचवले असे म्हणतात. पेंढा भरलेला बॅरी आज बर्नच्या संग्रहालयात आहे. गळ्यातले ब्रँडीचे छोटे पिंप मात्र लँडसीअर या इंग्रज चित्रकाराने १८२० च्या चित्रातून लोकांच्या मनात रुजवले.

जे वाचले नाहीत त्यांनाही या घराने जागा दिली. खडकात आणि गोठलेल्या मातीत थडगे खणता येत नसे. धर्मबंधू ते देह एका वेगळ्या दगडी खोलीत ठेवत. कोरड्या गारठ्यात ते कुजत नसत, चेहरे बराच काळ ओळखू येत. मागाहून कोणी नातलग शोधत आलाच, तर त्याला आपला माणूस सापडावा. चार्ल्स डिकन्स १८४६ मध्ये इथे आला होता. ‘लिटल डॉरिट’मध्ये त्याने ती खोली आणली आहे: कोपऱ्यात एक आई उभी, मूल अजून छातीशी धरलेले.

हे सारे चालायचे देणग्यांवर आणि दूरदूरच्या जमिनींच्या उत्पन्नावर. इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्रीने लंडनजवळचे हॉर्नचर्चही या मठाला दिले होते. मे १८०० मध्ये नेपोलियनची सुमारे ४०,००० ची फौज या खिंडीतून इटलीत उतरली. सैनिकांनी तोफांच्या नळ्या पोखरलेल्या ओंडक्यांत घालून ओढत आणल्या आणि दमलेल्या रांगांना मठाने पाव, चीज, वाइन वाढली. चित्रकार दाविदच्या चित्रातला नेपोलियनचा उधळलेला घोडा प्रसिद्ध आहे. प्रत्यक्षात तो खेचरावर बसून गेला. त्याच मोहिमेत मारेंगोच्या लढाईत पडलेला त्याचा सेनापती देसे याची समाधी इथल्याच चर्चमध्ये आहे. तरी या घराची थोरवी त्या फौजेवरून ठरवू नये. ज्यांची नावे कुठे लिहिली गेली नाहीत असे हंगामी मजूर, फेरीवाले आणि यात्रेकरू हेच इथले खरे पाहुणे.

१९३० च्या दशकात इथले काही धर्मबंधू चीन आणि तिबेटच्या सीमेवर गेले. तिथल्या लात्सा खिंडीत अशीच धर्मशाळा बांधायला त्यांनी सुरुवात केली. ती पुरी झाली नाही. त्यांच्यातले मोरीस तोर्ने १९४९ मध्ये मारले गेले आणि १९९३ मध्ये चर्चने त्यांना धन्य घोषित केले.

१९६४ मध्ये डोंगराखालून जवळजवळ सहा किलोमीटरचा बोगदा झाला आणि खिंड ओलांडण्याची सक्ती संपली. २००५ मध्ये कुत्र्यांचा सांभाळ मार्तिन्यीच्या बॅरी फाउंडेशनकडे गेला. उन्हाळ्यात कुत्रे वर येतात. आता येणाऱ्यांत रोमच्या वाटेवरचे पदयात्री, स्की करणारे आणि काही दिवस शांतता हवी असलेले लोक असतात. मुक्कामाचे पैसे पडतात, प्रार्थनेला बसायचे की नाही हे ज्याचे त्याने ठरवायचे. डोंगर मात्र पूर्वीइतकाच धोक्याचा आहे, आणि सकाळी निघणाऱ्यांना कोणता उतार टाळायचा हे सांगणे अजूनही यजमानांच्याच कामात मोडते.