गोष्टीला हवेत कान!

बालमित्रांनो, गोष्ट लिहायला काय काय लागतं, सांगा पाहू? वही, पेन्सिल, खोडरबर! बरोबर. कल्पना? तीही हवी. थोडा निवांत वेळ? तोही हवाच. पण एक गोष्ट या यादीत कुणीच धरत नाही. ती दुकानात मिळत नाही आणि एकट्याला घरी बनवताही येत नाही. ती म्हणजे ऐकणारे कान!

चित्र काढलं तर भिंतीवर लावता येतं. येणारा-जाणारा बघतो. गोष्टीचं तसं नाही. ती वहीत मिटून ठेवली की तिथंच झोपी जाते. कुणीतरी "मग पुढे काय झालं?" असं विचारलं की टुणकन उठून बसते. म्हणून जो नव्यानं गोष्टी लिहू लागतो, त्याला सोबती लागतात. ते मिळतात कुठे आणि ओळखायचे कसे, तेच आज पाहू या.

बारा लाकडी शिपाई

इंग्लंडमधल्या यॉर्कशायर भागात हॉवर्थ नावाचं गाव आहे. गावाच्या एका बाजूला मैलोन्‌मैल ओसाड माळरान. तिथल्या धर्मोपदेशकाच्या घरात चार भावंडं राहत होती. आई वारलेली, दोन थोरल्या बहिणीही वारलेल्या. १८२६ च्या जून महिन्यात वडिलांनी मुलासाठी बारा लाकडी शिपाई आणले. तेव्हा शार्लट होती दहा वर्षांची, ब्रॅनवेल आठ, एमिली सात आणि धाकटी ॲन सहा वर्षांची. प्रत्येकानं एकेक शिपाई उचलला, त्याला नाव दिलं, आणि खेळ सुरू झाला.

खेळता खेळता शिपायांच्या गोष्टी झाल्या. गोष्टींची राज्यं झाली. पुढे तर मुलांनी त्या शिपायांना वाचता येतील अशी पुस्तकंसुद्धा बनवली. जवळजवळ काडेपेटीएवढी! अक्षरं इतकी बारीक की आज वाचायला भिंग लागतं. लिहिणारी तीच आणि वाचणारीही तीच.

ही ब्राँटे भावंडं मोठी झाली तरी हा नाद सुटला नाही. विशीतल्या शार्लटनं आपल्या कविता इंग्लंडचे राजकवी रॉबर्ट साउदी यांना पाठवल्या. १८३७ मध्ये त्यांचं उत्तर आलं. तुमच्यात गुण आहे, पण साहित्य हे काही बायकांचं आयुष्यभराचं काम नव्हे, असा त्याचा मतलब होता. एवढ्या मोठ्या माणसानं असं सांगितल्यावर दुसरी एखादी लिहिणं सोडूनच देती. शार्लटनं सोडलं नाही. का बरं? घरात तिच्या गोष्टी ऐकणाऱ्या बहिणी होत्या ना!

रात्री नऊ वाजले की तिघी बहिणी हातातलं काम बाजूला ठेवत आणि खोलीत फेऱ्या घालत आपापल्या गोष्टींबद्दल बोलत. आठवड्यातून एकदा-दोनदा एकमेकींना वाचूनही दाखवत. गंमत म्हणजे बहिणींनी काही सुचवलं तरी शार्लट आपलं लिखाण सहसा बदलत नसे! तरी वाचून दाखवणं तिला हवं असे. कारण सूचनेइतकंच, कधी कधी सूचनेपेक्षा जास्त, ऐकणाऱ्याचं लक्ष कामाला येतं.

१८४६ मध्ये तिघींनी मिळून एक कवितासंग्रह काढला. वर्षभरात विकल्या गेल्या फक्त दोन प्रती! एकटी असती तर घरी बसून रडली असती. इथं तिघी होत्या. पुढच्याच वर्षी, १८४७ मध्ये, शार्लटची 'जेन एअर', एमिलीची 'वदरिंग हाइट्स' आणि ॲनची 'ॲग्नेस ग्रे' अशा तीन कादंबऱ्या छापून आल्या. त्या आजही जगभर वाचल्या जातात.

दहा वर्षांचा परीक्षक

तुम्ही म्हणाल, आमच्या घरात कुणी लिहिणारं नाही. मग मित्र शोधा. ऑक्सफर्डमध्ये जे. आर. आर. टोल्किन नावाचे प्राध्यापक होते. त्यांचे मित्र सी. एस. लुईस. या दोघांचं आणि त्यांच्या स्नेह्यांचं 'इंकलिंग्ज' नावाचं एक मंडळ होतं. दर गुरुवारी रात्री लुईस यांच्या खोलीवर सगळे जमत आणि कुणीतरी आपलं नवं लिखाण वाचून दाखवी. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही लांबलचक कथा टोल्किन यांनी इथंच तुकड्यातुकड्यानं ऐकवली. १९३७ मध्ये सुरू केलेली ती कथा छापून आली १९५४-५५ मध्ये! लुईस सारखे मागे लागले नसते तर ती माझ्या हातून पुरी झालीच नसती, असं टोल्किन स्वतः सांगत. मंडळातल्या सगळ्यांनाच ती आवडत होती असंही नाही. एकाला तर ती ऐकण्याचा भारी कंटाळा येई. आणि लुईस यांच्या नार्नियाच्या गोष्टी टोल्किन यांना पसंत नव्हत्या. म्हणजे बघा, सोबती असला म्हणजे त्यानं प्रत्येक वेळी मान डोलावलीच पाहिजे असं थोडंच आहे!

त्याच टोल्किन यांच्या 'द हॉबिट' या पुस्तकाची गंमत ऐका. प्रकाशकांनी ते हस्तलिखित आपल्या दहा वर्षांच्या मुलाला, रेनरला, वाचायला दिलं. त्यानं आपलं मत लिहून दिलं, त्याबद्दल त्याला एक शिलिंग मिळाला, आणि १९३७ मध्ये पुस्तक बाहेर पडलं. मुलांसाठीच्या गोष्टीचा पारखी एक मूलच! तेव्हा तुमच्या शेजारच्या बाकावरचा दोस्त हा काही कमी दर्जाचा वाचक नाही, बरं का.

पत्रातले सोबती

आणि जवळपास कुणीच नसेल तर? आपले थोर कथाकार जी. ए. कुलकर्णी धारवाडला राहत. मुंबई-पुण्याच्या साहित्यिकांपासून दूर. सभासमारंभांत ते फारसे दिसत नसत. पण पत्रं मात्र भरभरून लिहीत. ती पत्रं पुढे पुस्तकरूपानं छापली गेली. तुमच्यासारख्या मुलांसाठी 'बखर बिम्मची' लिहिणारे ते हेच.

त्या काळी मुंबईहून 'सत्यकथा' नावाचं मासिक निघे. १९८२ मध्ये ते बंद झालं. त्याचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन नव्या लेखकांच्या कथा बारकाईनं वाचत आणि कुठे काय अडलं ते त्यांना कळवत. असा एक चांगला वाचक मिळाला तरी लिहिणाऱ्याचं मंडळ पुरं होतं.

म्हशीचं काय झालं?

आता आमच्या शाळेतली गोष्ट सांगते. चौथीतल्या एका मुलानं पुराची गोष्ट लिहिली होती. मधल्या सुट्टीत काही जणांनी ती वही पळवली आणि आवाज काढून काढून वर्गात वाचली. सगळे खो खो हसले. त्यानं ती पानं फाडली आणि लिहिणं बंद केलं. "बाई, मला नाही येत गोष्ट," एवढंच म्हणे.

पंधरा दिवसांनी त्याच्या बाकावरच्या मित्रानं त्याला सहज विचारलं, "अरे, तुझ्या गोष्टीतली म्हैस पुरात वाहून गेली का वाचली?" झालं! दुसऱ्या दिवशी हा पठ्ठ्या चार नवी पानं लिहून घेऊन आला. म्हैस वाचली होती, हे सांगायला नकोच.

पाहिलंत? हसणारे पंचवीस होते, विचारणारा एकच. पण तो एक पुरला. त्यानंतर आम्ही शनिवारच्या शेवटच्या तासाला 'गोष्टमंडळ' सुरू केलं. त्याचे नियम मुलांनीच ठरवले. तुम्हीही वापरून पाहा.

१. मंडळात चार-पाच जणच असावेत. गर्दी झाली की कुणाचंच ऐकून होत नाही.

२. ज्याची गोष्ट त्यानंच वाचायची. मध्ये कुणी बोलायचं नाही.

३. आधी आवडलेली जागा सांगायची. नुसतं 'छान' चालणार नाही; काय छान, ते सांगायचं.

४. मग न कळलेली जागा विचारायची. 'मी असतो तर असं लिहिलं असतं' हे नको. ती गोष्ट तुमची नाही!

५. काय बदलायचं, काय ठेवायचं, हे लिहिणारा ठरवणार.

६. न विचारता कुणाची वही उघडायची नाही. मंडळातली गोष्ट बाहेर नेऊन हसायचं नाही.

७. आज मी ऐकलं तर उद्या माझं ऐकलं जाईल. नुसतंच वाचून पळ काढायचा नाही.

हा सातवा नियम सगळ्यांत महत्त्वाचा. सोबती हवेत ना? मग आधी स्वतः चांगला सोबती व्हा. पाच-सहा गोष्टी जमल्या की हस्तलिखित काढा. अमळनेरला शिक्षक असताना साने गुरुजी छात्रालयातल्या मुलांसाठी चक्क हातानं लिहून दैनिक काढत! आपल्याला महिन्यातून एक अंक काढायला काय हरकत आहे?

मात्र एक सांभाळा. कुणी अनोळखी माणूस तुमची गोष्ट मागू लागला, मोबाइलवर पाठव म्हणाला, किंवा छापण्यासाठी पैसे मागू लागला, तर आधी आईबाबांना किंवा गुरुजी-बाईंना सांगा.

आईबाबांसाठी दोन शब्द

मूल वही घेऊन आलं की आपला हात आधी लाल पेनाकडे जातो. ऱ्हस्व-दीर्घ उद्याही सुधारता येईल, पण आज उघडलेली वही एकदा मिटली तर ती पुन्हा आपल्यासमोर उघडेलच असं नाही. कामाची घाई असेल तर "रात्री जेवणानंतर ऐकते हं," असं सांगा आणि रात्री आठवणीनं ऐका. पाहुण्यांसमोर "वाच बघू तुझी गोष्ट" असा आग्रह नको. शेजारच्या मुलाशी तुलना तर नकोच नको. फक्त एक प्रश्न विचारा, "मग पुढे काय झालं?"

तर दोस्तांनो, या रविवारी एक काम करा. जुन्या वहीत दडवून ठेवलेली एखादी अर्धी गोष्ट शोधा. तुमची नसेल तर तुमच्या ताईची, दादाची, मित्राची. त्याच्याजवळ बसा आणि म्हणा, "वाच ना, मी ऐकतोय!"