भव्यता कशी जोखावी : गॉथिक आणि पॉवर मेटलचे ध्वनिमुद्रण

मेटल संगीताच्या दोन शाखांची ओळख मागच्या लेखांकांतून झाली. इंग्लंडच्या पॅरडाइज लॉस्टने १९९१ च्या ‘गॉथिक’मध्ये संथ आणि काळोखी वाट धरली. जर्मनीच्या हेलोवीनने १९८७ आणि १९८८ साली ‘कीपर ऑफ द सेव्हन कीज’चे दोन भाग काढून वेगवान, उंच पट्टीच्या, वीरश्रीने भारलेल्या पॉवर मेटलला आकार दिला. आता प्रश्न पारखण्याचा आहे. भंडारा जिल्ह्यातल्या वरठीत राहून हे संगीत ऐकणाऱ्याला तो अधिकच महत्त्वाचा वाटायला हवा, कारण मंचावरचा बँड सहसा त्याच्या वाट्याला येत नाही. मुंबई-पुण्याच्या रसिकाला अल्बममधली उणीव प्रत्यक्ष कार्यक्रमात भरून काढता येते. भंडारा रोड स्थानकावर गाडीची वाट पाहत इअरफोन लावून बसलेल्या मुलासाठी मात्र ध्वनिमुद्रण हीच पूर्ण कलाकृती असते. ते बिघडले, तर त्याच्यापुरते संगीतच बिघडले.

या दोन्ही शाखांना भव्यता हवी असते. एकीला भग्न देवळासारखी, दुसरीला रणांगणासारखी. भव्यता मात्र आवाजाच्या आकारात नसते, दोन आवाजांमधल्या अंतरात असते. म्हणून माझ्या मते ध्वनिमुद्रणाची पहिली कसोटी अशी : मोठ्या आणि लहान आवाजातले, भरलेल्या आणि रिकाम्या क्षणांतले अंतर त्याने राखले आहे का? गायकाचा गळा किती उंच जातो, गिटारवादकाची बोटे किती चपळ आहेत, मागे खरा वाद्यवृंद आहे की कीबोर्ड, हे सगळे त्यानंतर पाहावे. सर्वसाधारण चर्चेत हा क्रम नेमका उलटा असतो आणि त्यामुळे चांगल्या वादकांचे वाईट अल्बम डोक्यावर घेतले जातात.

पॉवर मेटलची अडचण आकड्यांतच दिसते. मिनिटाला १८० मात्रांच्या लयीत डबल बास ड्रमवर एका मात्रेत चार ठोके वाजवले, तर सेकंदाला १२ ठोके होतात. प्रत्येक ठोक्याला जेमतेम ८३ मिलिसेकंद मिळतात. ५० हर्ट्झच्या खोल स्वराचे एक कंपन पूर्ण व्हायला २० मिलिसेकंद लागतात, म्हणजे चार कंपने होतात न होतात तोच पुढचा ठोका येतो. ठोक्याला घुमू दिले तर सगळा खर्ज चिखलासारखा एक होतो. मग ध्वनी अभियंता ठोका आखूड करतो, त्यातली ‘टक’ वाढवतो आणि अनेकदा खऱ्या ड्रमच्या जागी आधी मुद्रित केलेला नमुना बसवतो. ही ‘टक’ ३ ते ५ हजार हर्ट्झच्या आसपास पडते. माणसाचा कान याच पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो. गायकाची व्यंजने याच पट्ट्यात, गिटारची धारही याच पट्ट्यात. त्यावर कीबोर्डचा समूहस्वर पसरला की चौघे एकाच दारातून आत शिरू पाहतात. स्वस्त इअरफोनवर किंवा मोबाइलच्या स्पीकरवर खालचा खर्ज जवळपास गळून जातो आणि ऐकणाऱ्याच्या हाती ही मधली गर्दीच उरते. ‘कीपर’च्या पहिल्या भागात अठरा-एकोणीस वर्षांच्या मिखाएल किस्केचा आवाज आजही स्वच्छ पोहोचतो. याचे श्रेय त्याच्या गळ्याइतकेच त्याच्याभोवती सोडलेल्या मोकळ्या हवेला आहे. आपल्या झाडीपट्टीतल्या खडी गंमत या लोकनाट्याचा शाहीर वरच्या पट्टीत गातो तोही उघड्या मैदानात शब्द शेवटच्या माणसापर्यंत जावेत म्हणून. उंच पट्टी ही मुळात पोहोचण्याची सोय आहे. तीच पट्टी गर्दीत बुजवून टाकायची असेल, तर गायकाने इतके वर चढावे तरी कशाला?

गॉथिक मेटलला संथ लयीमुळे ही जागा आयतीच मिळते. दोन ठोक्यांमध्ये प्रतिध्वनी विरायला वेळ असतो, त्यामुळे दोन-तीन सेकंदांची घुमारी इथे शोभते. ती पॉवर मेटलला दिली तर गाणे बुडेल. टाइप ओ निगेटिव्हच्या ‘ब्लडी किसेस’मध्ये (१९९३) पीटर स्टीलचा खर्जातला आवाज या अवकाशाचा पुरेपूर उपयोग करतो. या शाखेची दुर्बळता वेगळी आहे : तिचा साचा फार लवकर बनला. नॉर्वेच्या थिएटर ऑफ ट्रॅजेडीने १९९५ च्या पहिल्या अल्बममध्ये लिव्ह क्रिस्टीनचा तलम आवाज पुरुषाच्या घोगऱ्या गुरगुराटासमोर उभा केला. तेव्हा त्यात नाट्य होते. पुढे कित्येक बँडनी कडव्याला गुरगुर आणि ध्रुवपदाला सोप्रानो अशी वाटणी ठरवून टाकली आणि स्त्रीचा आवाज दागिन्यासारखा लटकत राहिला. त्याच वर्षी नेदरलँड्सच्या द गॅदरिंगने ‘मँडीलियन’ काढला. तिथे गुरगुर नाहीच. आनेके फान खीर्सबर्गन एकटीच गाते आणि गाण्याचा सगळा चढउतार तिच्या श्वासावर तोललेला आहे. मला हा या शाखेतल्या सर्वांत टिकाऊ अल्बमांपैकी एक वाटतो. विरोध दोन गळ्यांमध्ये वाटून देण्यापेक्षा एकाच गळ्यात शोधणे अवघड असते, आणि ते इथे साधले आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे : मेटल मोठ्यानेच ऐकायचे असते, अतिरेक हाच त्याचा स्वभाव, तिथे मोकळ्या जागेची मागणी म्हणजे लावणीत ध्यान शोधणे. स्वभाव मान्य. पण ध्वनिमुद्रणातला ‘मोठेपणा’ आणि ऐकताना वाढवलेला आवाज या दोन निराळ्या गोष्टी आहेत. सीडीवर सुमारे ९६ डेसिबलची मुभा असते. कॉम्प्रेशनचा दाब देऊन सगळे वरच्या टोकाला नेले की ठोक्यांची टोके छाटली जातात. २००८ साली मेटॅलिकाच्या ‘डेथ मॅग्नेटिक’बाबत हेच घडले. तो बँड या दोन शाखांतला नाही, पण पुरावा स्पष्ट आहे : तीच गाणी एका व्हिडिओ गेममध्ये कमी दाबाने आली होती, दोन्ही ऐकून फरक कळला आणि हजारो चाहत्यांनी पुन्हा मिश्रण करण्याची मागणी केली. अतिरेकावर प्रेम करणाऱ्यांचीच ही तक्रार होती. शिवाय आता स्पॉटिफायसारख्या सेवा सगळ्या गाण्यांची पातळी साधारण उणे १४ लफ्सवर (ऐकू येणाऱ्या मोठेपणाचे एकक) आणतात. ज्याने दाबून मोठे केले त्याचे गाणे तिथे खाली ओढले जाते. मोठेपणा जातो आणि छाटलेली टोके तशीच राहतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ब्लाइंड गार्डियनच्या ‘अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा’त (२००२) आवाजांचे थरावर थर आहेत आणि ती दाटी ठरवून केलेली आहे. तिला दोष कसा म्हणायचा? मी तिला सरसकट दोष म्हणत नाही. दाटीतही कानाला निवड करता आली पाहिजे, एवढीच अट. त्याच बँडचा ‘नाइटफॉल इन मिडल-अर्थ’ (१९९८) पाहा. त्यातल्या २२ तुकड्यांपैकी जवळपास निम्मे छोटे दुवे आहेत, कुठे संवाद तर कुठे नुसते ध्वनी. ते टोल्किनची कथा पुढे नेतात आणि मधूनमधून कानाला उसंत देतात, म्हणून पुढचा समूहस्वर अंगावर येतो. नाइटविशच्या ‘वन्स’मध्ये (२००४) लंडनचा खरा वाद्यवृंद आहे, पण त्याची किंमत वसूल होते ती ‘घोस्ट लव्ह स्कोअर’च्या मधल्या दीर्घ भागात, जिथे गिटार बाजूला होऊन त्याला एकट्याला बोलू देतात. बाकी अनेक ठिकाणी तो गिटारची जाडी वाढवण्यापलीकडे फारसे काही करत नाही.

तिसरा मुद्दा पैशाचा, आणि तो आपल्याकडच्या बँडसाठी खराच आहे. साहिल मखिजाने २००० साली मुंबईत डेमॉनिक रिझरेक्शन उभा केला. त्याचे संगीत डेथ आणि ब्लॅक मेटलकडे झुकते, म्हणजे काटेकोरपणे आपल्या दोन्ही शाखांबाहेरचे. तरी कीबोर्डची भव्यता, वेगवान डबल बास आणि गुरगुरीला जोडून मोकळा गळा, ही सगळी कसरत तीच आहे. २०१७ च्या ‘दशावतार’मध्ये मत्स्यापासून कल्कीपर्यंत एकेका अवताराला एकेक गाणे दिले आहे. या रचनेला दाद द्यावीच लागते, पण जोखताना विषयाच्या ओढीने सूट देऊ नये. नरसिंह आणि बुद्ध यांच्या गाण्यांतले अंतर केवळ नावातून न कळता लयीतून, दाटीतून, शांततेतून कळते का, हे पाहावे. या अंतराला मोठा स्टुडिओ लागत नाही, कुठे कुणी थांबायचे हे आधी ठरवावे लागते. साधनांची उणीव ड्रमच्या पोतात किंवा कीबोर्डच्या नकली तंतुवाद्यांत दिसली, तर मी ती माफ करीन. सगळ्या वाद्यांनी सगळा वेळ वाजत राहणे हा रचनेचा निर्णय असतो आणि त्याचे माप तुटपुंज्या पैशाच्या खात्यावर घालता येत नाही.

घरी तपासायचे तर आवाज नेहमीच्या निम्म्यावर आणून गाणे ऐकावे. ध्रुवपद आले हे तेव्हाही अंगाला कळले, बास गिटारची ओळ मध्येच हरवली नाही आणि गायकाचे शब्द सुटे राहिले, तर रचना आणि मिश्रण दोन्ही भक्कम आहेत. कमी आवाजात गाणे सपाट पडले आणि वाढवल्यावरच ‘चढले’, तर ती ताकद अल्बमची नाही, आपल्या अ‍ॅम्प्लिफायरची आहे. पुढच्या आठवड्यात याच कसोटीवर मुंबईच्या अ‍ॅल्बट्रॉसचा ‘डिनर इज यू’ (२०१०) लावून पाहू. त्यात भयकथा सांगताना गायक वरच्या पट्टीत जातो आणि कथेचे शब्द तिथे कितपत टिकतात, ते ऐकण्यासारखे आहे.