जुन्या कवचाची ओळख

बीड जिल्ह्यात पाणबुडीवर व्याख्यान म्हटले की पुष्कळांना हसू येईल. आमच्याकडे उन्हाळ्यात पाणी आधी विहिरीत शोधावे लागते. ते सापडल्यावर त्यात बोट बुडवून पाहण्याची चैन कोणाला सुचणार? मीही असेच म्हटले असते. परंतु गेल्या वर्षी माझ्या भाच्याने मुंबईतील जुन्या सामानाच्या एका दुकानातून एक लांबट, पोकळ, धुळीने माखलेली वस्तू आणून माझ्या ओसरीवर ठेवली. ते पाणबुडीच्या प्रतिकृतीचे फायबरग्लासचे, म्हणजे काचतंतू आणि राळ यांचे, दोन भागांचे कवच होते. आत यंत्र नाही, पंखा नाही, कागदपत्र नाही.

“मामा, ही कलवरी आहे,” भाचा म्हणाला. दुकानदाराने तसे सांगितले होते आणि त्या नावाचेच पैसे घेतले होते.

मी विचारले, “कोणती कलवरी?” कारण कलवरी दोन झाल्या. पहिली सोव्हिएत बनावटीची. ती ८ डिसेंबर १९६७ रोजी आपल्या नौदलात आली आणि १९९६ मध्ये निवृत्त झाली. दुसरी मुंबईच्या माझगाव गोदीत फ्रेंच आराखड्यावरून बांधलेली. ती १४ डिसेंबर २०१७ रोजी दाखल झाली. दोघींचे नाव एक, पण बांधा अगदी निराळा. तेव्हा नाव ऐकून वस्तू ओळखण्याऐवजी वस्तू मोजून नाव शोधावे, असे आम्ही ठरवले. आजचा माझा विषय तेवढाच आहे.

मोजण्यासाठी महागडी साधने लागत नाहीत. कवच सपाट फरशीवर ठेवावे, दोन्ही टोकांशी गवंड्याचा ओळंबा धरावा आणि फरशीवर खुणा करून त्यांतील अंतर घ्यावे. रुंदीसाठी दोन्ही अंगांना दोन सरळ फळ्या उभ्या टेकवाव्यात आणि त्यांच्यामधील अंतर मोजावे. आमची लांबी भरली १३४ सेंटिमीटर आणि रुंदी साडेतेरा. लांबीला रुंदीने भागले की सुमारे ९.९ येतात. हा भागाकार फार मोलाचा आहे. प्रतिकृती लहान असो वा मोठी, तो बदलत नाही. म्हणून प्रमाण माहीत नसतानाही तो आपल्याला वाट दाखवतो.

आता खऱ्या बोटींकडे वळू. पहिल्या कलवरीची लांबी ९१.३ मीटर आणि रुंदी साडेसात. भागाकार १२ च्या वर. सिंधुघोष वर्गाची बोट ७२.६ मीटर लांब आणि ९.९ रुंद, म्हणजे चांगलीच स्थूल, भागाकार ७.३. नव्या कलवरीची लांबी ६७.५ आणि रुंदी ६.२, भागाकार जवळजवळ ११. आणि जर्मन आराखड्याच्या शिशुमार वर्गाची लांबी ६४.४, रुंदी ६.५, भागाकार ९.९. आमचे उत्तर येथे जुळले.

पण एका साक्षीवर निकाल देऊ नये. जुन्या कवचाचे नाक कोणी घासलेले असते, कडा कापलेल्या असतात, उन्हात पडून अंग वाकलेले असते. म्हणून दुसरी साक्ष खुणांची. पहिल्या कलवरीला तीन पंखे होते. आमच्या कवचाच्या शेपटीत दांड्यासाठी एकच भोक. नव्या कलवरीचे पुढचे आडवे पर मनोऱ्यावर असतात. आमच्या मनोऱ्यावर पराची खूण नव्हती, ती नाकाजवळ खालच्या अंगाला होती. नाकावर पाणतीरांच्या नळ्यांची झाकणे कोरली होती. ती मोजली तेव्हा आठ भरली. नव्या कलवरीला सहा नळ्या, शिशुमार वर्गाला आठ. तिसरी साक्ष गणिताची: ६४४० सेंटिमीटरांना १३४ ने भागले की ४८ येतात, आणि ६५० ला साडेतेराने भागले तरी ४८. लांबी आणि रुंदी दोघी एकच प्रमाण सांगतात, म्हणजे ओळख पक्की.

भाच्याचा चेहरा मात्र उतरला. कलवरी म्हणून घेतलेली वस्तू कलवरी नव्हती. त्याला मी म्हटले, “अरे, तोटा झाला असे समजू नकोस. ह्याच वर्गातली शल्की ही भारतात बांधलेली पहिली पाणबुडी. माझगाव गोदीत बांधून ती ७ फेब्रुवारी १९९२ रोजी नौदलात आली.” तेव्हा कुठे तो पुन्हा कवचाजवळ बसला.

यापुढे दुरुस्ती. प्रथम कवच साबणाने खरखरून धुवावे. साच्यातून सुटावे म्हणून लावलेले मेण अंगावर राहिले, तर नवी राळ धरत नाही. मग ते उजेडासमोर धरावे, म्हणजे पातळ जागा व चिरा दिसतात. नाण्याने हलके वाजवत जावे. जेथे आवाज बद्द येतो, तेथे थर सुटलेले असतात. अशी जागा आतून पॉलिशपेपरने घासून तीवर काचतंतूची चटई आणि राळ बसवावी. आमच्या गावात कूलरची फायबरची अंगे सांधणारे कारागीर हेच काम रोज करतात. त्यांच्याकडून तासाभरात शिकता येते. तीन गोष्टी त्यांनी बजावल्या. घासताना नाकातोंडाला चांगला मास्क आणि हातात मोजे हवेत, कारण काचेची धूळ वाईट. वैशाखात राळ लवकर आवळते, म्हणून वाटीभरच कालवावी. आणि पॉलिएस्टर राळेला थर्मोकोल लावू नये. तो विरघळून जातो.

शेवटी पाणी. ४८ पट लहान लांबीची बोट वजनात ४८ पट नव्हे, तर ४८ चा घन, म्हणजे १,१०,५९२ पट हलकी होते. खरी बोट पृष्ठभागावर सुमारे १६६० टन आणि पाण्याखाली १८५० टन पाणी सारते. आमच्या बोटीला हे हिशेबाने १५ आणि पावणेसतरा किलो पडले. मधला फरक सुमारे पावणेदोन लिटर. बुडण्यासाठी किती पाणी आत घ्यावे याचा हा पहिला अंदाज. अखेरचा निर्णय हौद देतो. यंत्र आणि बॅटरी आत एका बंद नळीत ठेवावी, बाकी कवचात पाणी खेळू द्यावे. त्यासाठी खाली भोके हवीत आणि वरही हवीत. वर हवा कोंडली तर बोट बुडत नाही आणि एका अंगाला कोंडली तर कलते. शिसे तळाशी ठेवावे, हलका फेस वर. वजनाचा मध्य तरणशक्तीच्या मध्याखाली राहिला की कललेली बोट आपोआप सरळ होते.

आमच्या सिमेंटच्या हौदात पहिल्या दिवशी ती शेपटीवर उभी राहिली. शिशाचा एक तुकडा चार बोटे पुढे सरकवला आणि ती आडवी झाली. हौदाचे पाणी संध्याकाळी लिंबाच्या झाडाला घातले.

राहिला प्रश्न नावाचा. मुलांना मनोऱ्यावर शल्की लिहायचे होते. मोजमापाने वर्ग कळला, बोट कळली नव्हती. ह्या वर्गात शिशुमार, शंकुश, शल्की आणि शंकुल अशा चार बोटी, पहिल्या दोन जर्मनीत बांधलेल्या, पुढच्या दोन मुंबईत. म्हणून वहीत आम्ही दोन ओळी वेगळ्या लिहिल्या: “वर्ग शिशुमार, मोजून ठरवला. नाव शल्की, आवडीने ठेवले.” भाच्याने खाली सही केली.