पायाखालचा दगड आणि डोक्यावरची माती

विहीर खणताना काय काय लागतं ते जरा आठवून बघा. आधी काळी माती, मग मुरूम, त्याखाली मांजऱ्या आणि शेवटी सुरुंगाशिवाय न फुटणारा काळा दगड. मध्येच एखादा लाल मातीचा पट्टा. “आता खाली काही नाही, नुसता दगड,” असं म्हणून आपण काम थांबवतो. पण त्या दगडाखाली बरंच काही आहे आणि त्याचा संबंध थेट आपल्या घराच्या भिंतीशी येतो. म्हणून आज बी-बियाणं, फवारणी बाजूला ठेवून हा विषय घेतला आहे. मी कृषी खात्यातला माणूस, भूगर्भशास्त्रज्ञ नव्हे. पण माती आणि दगड हा आपल्या सगळ्यांचाच विषय आहे.

थरावर थर

आपला काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमीन भेगाळली आणि आतला तापलेला रस बाहेर येऊन पसरला. असं एकदा नव्हे, अनेकदा झालं. दोन वेळांच्या मध्ये बराच काळ गेला की वरच्या दगडाची झीज होऊन माती व्हायची. त्या मातीवर पुढचा रस आला की ती विटेसारखी भाजून निघायची. विहिरीत दिसतो तो लाल पट्टा बहुतेक वेळा हाच. एके काळची ती उघडी जमीनच म्हणा ना!

किल्लारीच्या भूकंपानंतर संशोधकांनी तिथं ६१७ मीटर खोल बोअर घेतलं. सुमारे ३३८ मीटरवर, म्हणजे अकराशे फुटांवर, काळा दगड संपला. खाली जुन्या गाळाचा पातळ थर आणि त्याखाली ग्रॅनाइटच्या जातीचा अतिप्राचीन खडक लागला. म्हणजे आपल्याला अथांग वाटणारा काळा दगड हे फक्त वरचं पांघरूण आहे.

पृथ्वी आंब्यासारखी आहे असं समजा. साल म्हणजे भूकवच, आपल्याकडे साधारण पस्तीस-चाळीस किलोमीटर जाड. त्याखाली गर, म्हणजे प्रावरण, २,९०० किलोमीटरपर्यंत. मग कोय, म्हणजे लोखंड-निकेलचा गाभा. त्याचा बाहेरचा भाग वितळलेला, आतला घट्ट. पृथ्वीच्या मध्यापर्यंतचं अंतर ६,३७१ किलोमीटर. माणसानं रशियात कोला इथं घेतलेलं सर्वात खोल बोअर सव्वाबारा किलोमीटरचं. म्हणजे साल सुद्धा पार झाली नाही!

गाडी अडली, बैल थांबेनात

प्रावरण घट्टच असतं, पण उन्हाळ्यात गुळाची ढेप कशी हळूहळू बसते, तसं ते अतिशय सावकाश सरकतं. त्यावरचं कवच अखंड नाही. सुकलेल्या तळ्याच्या तळाला भेगा पडून ढलपे होतात, तसे त्याचे मोठे तुकडे आहेत. त्यांना भूपट्ट म्हणतात.

आपला भारतीय पट्ट वर्षाला साधारण पाच सेंटीमीटर उत्तर-ईशान्येकडे सरकतो. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी तो आशियाला जाऊन भिडला आणि हिमालय उभा राहिला. सरकणं अजून थांबलेलं नाही. तीस वर्षांत दीड मीटर होतं, हिशेब करून बघा. बैलगाडी बांधाला अडली आणि बैल ओढतच राहिले, तर सगळी गाडी करकरते. जिथं लाकूड आधीच चिरलेलं असेल तिथं ते तडकतं. तसा हा ताण पार आपल्यापर्यंत येतो आणि खोलवरच्या एखाद्या जुन्या भेगेत मोकळा होतो. तोच भूकंप.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायच्या सुमारास, किल्लारी-सास्तूर भागात हेच घडलं. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, लोक गाढ झोपेत. आठ ते दहा हजार माणसं गेली, ५२ गावं नव्या जागी वसवावी लागली. हा भाग त्या वेळच्या नकाशात सर्वात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता! २००२ साली तो पट्टाच नकाशातून काढून टाकला. हिंगोली जिल्ह्यात २०२४ च्या मार्चमध्ये आणि जुलैमध्येही ४.५ तीव्रतेचे धक्के बसले.

“बोअर वाढले म्हणून जमीन हलते,” असं पारावर ऐकू येतं. आपलं बोअर काहीशे फुटांचं. भूकंपाचा उगम किलोमीटरांत मोजावा लागतो. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप जलाशयाशी जोडला जातो. पण तिथंही पाण्यानं नुसतं निमित्त दिलं, ताण आधीचाच होता. आणि भूकंपाची तारीख-वेळ आजवर कुणालाही आधी सांगता आलेली नाही. मोबाइलवर “आज रात्री येणार” असा निरोप आला तर पुढे पाठवू नका.

शंभर क्विंटल डोक्यावर

जमीन हलणं आपल्या हातात नाही. पण माणसं मरतात ती बहुतेक घराखाली दबून. किल्लारी भागात दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यावर मातीचं जड माळवद होतं. भिंत फुगली, फाकली आणि माळवद खाली आलं. जिथं खांब-तुळयांचा सांगाडा धड होता, तिथं काही घरांत भिंत पडूनही छत उभं राहिलं.

एका गावात एका मामांच्या माळवदावर चढलो होतो. म्हणाले, “साहेब, आज्यापासूनचं आहे. दरवर्षी गळतं, दरवर्षी पांढरी माती टाकतो.” काठी घालून मोजलं तर थर दोन फूट! खोली दहा बाय बारा. म्हणजे २४० घनफूट माती. घनफुटाला ४५ किलो धरले तरी १०८ क्विंटल. मामांना म्हटलं, “शंभर पोती सोयाबीन आढ्याला टांगून खाली नातवंडं निजवाल का?” मामा गप्पच झाले.

म्हणून मृगाआधी एवढं करा :

१) माळवद गळतं म्हणून नवी माती टाकू नका. आधी जुनी उतरवा, प्लास्टिकचा कागद अंथरा, वर पातळ थर द्या. याच खोलीवरची अर्धा फूट माती उतरली तरी २७ क्विंटल भार कमी होतो.

२) खांब आणि तुळया एकमेकांना लोखंडी पट्ट्यांनी घट्ट जोडा. वाळवी लागलेला खांब बदला.

३) दगडी भिंत बांधताना ठरावीक अंतरावर भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड घाला. कोपरे नीट गुंफून घ्या.

४) नव्या घराला जोत्यावर, दाराच्या वर आणि छताखाली सिमेंट-सळईचा सलग पट्टा घ्या.

सरपंच, ग्रामसेवक मंडळींना विनंती, की ग्रामसभेत हा विषय घ्यावा. गावात माळवदाची घरं किती, त्यावर माती किती, याची यादी करावी. शाळा आणि अंगणवाडीच्या जुन्या भिंती अभियंत्याला दाखवाव्यात. घरकुलाचं काम सुरू असेल तर स्लॅबच्या आधी जाऊन तो पट्टा घातला की नाही, हे डोळ्यांनी बघावं.

मामांनी दिवाळीनंतर फूटभर माती उतरवली. ती परसातल्या खड्ड्यात भरली आणि त्यावर लिंबाचं रोप लावलं. तुमच्या माळवदावर किती फूट आहे? आजच काठी घालून बघा.