जाळण्यासाठीच घडवलेली शिल्पे : वॅलेन्सियाचा फायास उत्सव

स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावर, भूमध्य समुद्राकाठी वसलेल्या वॅलेन्सिया शहरात दरवर्षी मार्च महिन्यात ‘फायास’ हा उत्सव साजरा होतो आणि १९ मार्चच्या, म्हणजे सुतारांचे आश्रयदाते मानल्या जाणाऱ्या संत जोसेफ यांच्या दिवशीच्या, रात्री चौकाचौकांत उभारलेल्या भव्य शिल्परचना जाळून त्याची सांगता होते. युनेस्कोने २०१६ साली या उत्सवाला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. छायाचित्रांत दिसते ती केवळ आग; या उत्सवाचा खरा प्राण मात्र त्या आगीमागे वर्षभर राबणाऱ्या मोहल्ल्यांत आहे.

उत्सवाच्या उगमाविषयी रूढ असलेल्या कथेनुसार, हिवाळ्यात दिवे टांगण्यासाठी वापरलेले लाकडी खांब वसंताच्या आगमनाबरोबर निरुपयोगी होत आणि शहरातले सुतार ते कामातून उरलेल्या लाकडांसह संत जोसेफ यांच्या दिवसाच्या आदल्या रात्री जाळत. पुढे त्या होळीवर माणसांच्या आकृती चढल्या, त्या आकृतींतून शेजाऱ्यापाजाऱ्यांची आणि सत्ताधाऱ्यांची टवाळी होऊ लागली आणि कालांतराने त्यातूनच आजच्या अनेक मजली उंचीच्या उपहासात्मक रचना आकाराला आल्या. अशा संपूर्ण रचनेला ‘फाया’ आणि तिच्यातील प्रत्येक बाहुल्याला ‘निनोत’ म्हणतात.

आपल्याकडच्या सार्वजनिक गणेशोत्सव मंडळांप्रमाणे तेथे मोहल्लानिहाय समित्या असतात. त्यांची संख्या सुमारे ४०० असून सभासदांची वर्गणी, सोडती आणि जाहिराती यांतून त्या पैसा उभा करतात, एक मोठी व एक मुलांसाठीची छोटी अशा दोन रचना व्यावसायिक कारागिरांकडून घडवून घेतात आणि एकत्र जेवणाखाणासाठी स्वतःची कार्यालयेही चालवतात. पूर्वी लाकूड, पुठ्ठा, मेण आणि कापड वापरले जाई. अलीकडच्या दशकांत थर्माकोलचा वापर वाढल्याने काळ्या, विषारी धुराचा प्रश्न उभा राहिला असून काही कारागीर पुन्हा लाकडाकडे वळले आहेत.

सगळेच मात्र जळत नाही. १९३४ पासून लोकमताने निवडलेल्या निनोताला अभय मिळते आणि तो फायास संग्रहालयात ठेवला जातो, त्यामुळे तेथील दालनांतून फिरताना बदलती सामाजिक अभिरुची आणि कारागिरी टप्प्याटप्प्याने उलगडत जाते.

१ ते १९ मार्च या काळात रोज दुपारी दोन वाजता नगरपालिकेच्या चौकात ‘मास्क्लेता’ होते. दोऱ्यांवर ओळीने टांगलेल्या फटाक्यांची ही आतषबाजी भर दिवसा होते, कारण ती पाहण्यासाठी नसून ऐकण्यासाठी असते. जाणकार श्रोते आवाजाची लय, चढण आणि अखेरचा जमीन हादरवणारा कल्लोळ यांवरून दारूकाम करणाऱ्याचे कसब जोखतात. १७ व १८ मार्चला समित्यांचे सभासद पारंपरिक वेशात वाजतगाजत येऊन शहराची आश्रयदात्री असलेल्या मेरीमातेला फुले वाहतात आणि त्या गुच्छांतूनच लाकडी सांगाड्यावर तिचा उंच अंगरखा साकारतो. या मिरवणुकीतील स्त्रियांचे नक्षीदार रेशमी पोशाख शहराच्या जुन्या रेशीम व्यापाराची आठवण देतात. त्याच व्यापाराच्या भरभराटीत पंधराव्या शतकाच्या अखेरीस बांधायला घेतलेली ‘लोंखा’ ही बाजारवास्तू १९९६ पासून जागतिक वारसास्थळ आहे.

अखेरच्या रात्री आधी मुलांच्या, मग मोठ्या आणि सर्वांत शेवटी नगरपालिकेच्या रचनेला अग्नी दिला जातो, तर अग्निशामक दल लगतच्या इमारतींवर पाणी मारत उभे असते. मात्र केवळ त्या रात्रीसाठी जाणाऱ्याच्या वाट्याला गर्दी आणि धूर एवढेच येण्याचा संभव अधिक. १५ मार्चपर्यंत पोहोचून, मुख्य चौकांबरोबर आडगल्लीतल्या छोट्या रचनाही दिवसाउजेडी निरखाव्यात, त्यांतील उपहास स्थानिकांकडून समजून घ्यावा आणि मगच दहन पाहावे. जे जळते आहे ते कोणी आणि कशासाठी घडवले, हे ठाऊक असलेल्यालाच फायास खऱ्या अर्थाने कळतो.