जुना कॅमेरा, दमट हवा आणि छत्तीसचा रोल

चेन्नई : कपाट आवरताना चामड्याच्या पाकिटातला जुना कॅमेरा हाती लागतो. कळ दाबली की ‘खट्’ असा आवाज येतो आणि कॅमेरा अजून चालू आहे, असे घरातले सारे ठरवून टाकतात. फिल्मवरील छायाचित्रणाकडे परतणाऱ्या अनेकांची सुरुवात अशीच होते. कळीचा आवाज येणे आणि फिल्मवर चित्र उमटणे यांत मात्र बरेच अंतर आहे. ते अंतर चेन्नईत फार लवकर ध्यानात येते. समुद्राकाठची दमट हवा भिंगाला बाधते, नळाचे कोमट पाणी रसायनाचे गणित बिघडवते, रोल परदेशातून मागवावा लागतो आणि कॅमेरा उघडून दुरुस्त करणारे हात कमी होत चालले आहेत. कॅमेरा मिळवणे हा या साऱ्यातला सर्वांत सोपा भाग ठरतो.

फिल्मचा व्यवसाय संपला, असे २०१२ मध्ये अमेरिकेतील कोडॅक कंपनीने दिवाळखोरीसाठी अर्ज केला तेव्हा अनेकांना वाटले होते. पुढे चित्र थोडे पालटले. कोडॅकची बंद झालेली ‘एक्टाक्रोम’ ही पारदर्शिका फिल्म २०१८ मध्ये पुन्हा बाजारात आली. ‘इलफर्ड’ फिल्म बनवणाऱ्या इंग्लंडमधील हारमन कंपनीने २०२३ च्या अखेरीस ‘फिनिक्स’ नावाची रंगीत फिल्म काढली, तर २०२४ मध्ये ‘पेंटॅक्स १७’ हा नवा फिल्म कॅमेरा आला. असे नवे कॅमेरे अगदी मोजके, आणि त्यांतले काही सामान्य हौशी माणसाच्या आवाक्याबाहेरचे. त्यामुळे या छंदाचा सारा भार तीस-चाळीस वर्षांपूर्वी तयार झालेल्या, दोन-तीन हात फिरून आलेल्या कॅमेऱ्यांवर आहे.

मद्रासमध्ये हे कॅमेरे आले कुठून? ब्रह्मदेशातून परतलेल्या तमिळ कुटुंबांना पोट भरण्यासाठी १९६९ मध्ये बंदराजवळ गाळे मिळाले आणि ‘बर्मा बाजार’ उभा राहिला. आयातीवर कडक निर्बंध असलेल्या त्या काळात परदेशी घड्याळे, रेडिओ आणि कॅमेरे मिळण्याचे ते ठिकाण होते. सेंट्रल स्थानकाशेजारचे मूर मार्केट जुन्या वस्तूंसाठी आणि जुन्या पुस्तकांसाठी प्रसिद्ध होते. १९८५ च्या आगीत ते गेले. आखाती देशांत नोकरीला गेलेल्या नातलगांनी आणलेले कॅमेरे घरोघरी होते. लग्नसमारंभ टिपणाऱ्या स्टुडिओंकडे दोन भिंगांचे ‘याशिका’ असत. डिजिटल कॅमेरे आल्यावर यांतले बरेचसे माळ्यावर गेले. महाराष्ट्रातील वाचकाच्या घरीही त्या पिढीचा ‘अ‍ॅग्फा क्लिक-३’ किंवा ‘हॉट शॉट’ सापडण्याची शक्यता बरीच आहे.

माळ्यावर पडून राहिलेल्या कॅमेऱ्याचा पहिला शत्रू म्हणजे बुरशी. हवेतील आर्द्रता दीर्घकाळ साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर राहिली की भिंगाच्या पृष्ठभागावर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू पसरू लागतात. चेन्नईत अशी हवा वर्षातील बहुतेक महिने असते, आणि ईशान्य मोसमी पावसाच्या ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात तर कपाटातले कपडेसुद्धा सादळतात. बुरशी आम्ल सोडते. ते भिंगावरील लेप खाते आणि पुढे काचेवर कायमचे ओरखडे उमटवते. वरवरची बुरशी जाणकार कारागीर भिंग उघडून साफ करू शकतो. काचेत उतरलेला डाग मात्र निघत नाही. मूळ चामडी पाकीट फार जपले जाते, पण बुरशीला सर्वाधिक आसरा तेच देते. कॅमेरा पाकिटात ठेवू नये, हे म्हणूनच पहिले पथ्य. घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून त्यात कॅमेरा ठेवावा आणि पुड्यांचा रंग बदलला की त्या तापवून पुन्हा वापराव्यात. आर्द्रता चाळीस-पन्नास टक्क्यांच्या दरम्यान असलेली बरी. त्याहून फार कोरडी हवा यंत्रातील वंगण सुकवते.

विकत घेताना भिंग पाहण्याची रीत साधी आहे. झाकण उघडावे, छिद्र पूर्ण मोठे करावे आणि मागून बारीक टॉर्चचा प्रकाश तिरपा टाकून समोरून पाहावे. धुळीचे चार कण चालतात. जाळी किंवा दुधी धूसरपणा दिसला तर किंमत कितीही कमी असली तरी विचार करावा. मागचे दार उघडून कडेच्या खाचा तपासाव्यात. तिथे प्रकाश अडवणारा फोम असतो आणि वर्षे उलटली की त्याचा डांबरासारखा चिकट लगदा होतो. तो खरवडून नवा बसवणे घरीही जमते. शटरचा एका सेकंदाचा वेग लावून कळ दाबावी आणि मनात मोजावे. संथ वेग अडखळत असतील तर वंगण गोठले आहे असे समजावे.

प्रत्येक कॅमेऱ्याची स्वतःची खोडही असते. १९६६ पासून विकला गेलेला ‘याशिका इलेक्ट्रो ३५’ जुन्या बाजारात अजूनही दिसतो. त्याच्या आत रबराचा एक लहानसा तुकडा असतो आणि तो झिजला की प्रकाशाचे मापन चुकते. रोल पुढे सरकवताना शेवटी ‘टक्’ असा बारीक आवाज आला नाही, तर तो तुकडा गेला. त्याला लागणारी पाऱ्याची बॅटरी आता बनत नाही. पर्यायी बॅटरी जोडणीसह बसवावी लागते. ‘कॅनन एई-१’ला बॅटरीवाचून शटरच उघडता येत नाही. उलट १९७६ ते १९९७ असा दीर्घकाळ बनलेला ‘पेंटॅक्स के-१०००’ किंवा ‘निकॉन एफएम-२’ यांचे शटर पूर्णपणे यांत्रिक आहे. बॅटरी संपली तर फक्त प्रकाशमापक बंद पडतो. नवशिक्याने यांत्रिक कॅमेराच घ्यावा, असे म्हणण्यामागे जुन्याची ओढ नाही. जळालेल्या इलेक्ट्रॉनिक पट्टीला पर्याय नसतो, झिजलेले चाक मात्र दुसऱ्या मेलेल्या कॅमेऱ्यातून काढून बसवता येते.

प्रकाशमापक बंद असला तरी चेन्नईच्या उन्हात अडत नाही. १०० आयएसओची फिल्म, स्वच्छ ऊन, छिद्र एफ-१६ आणि वेग सेकंदाचा सव्वाशेवा भाग हा जुना ठोकताळा मरीना किनाऱ्यावर दुपारी सहज लागू पडतो. मुंबईकराला समुद्रावर सूर्यास्त पाहण्याची सवय असते. इथे सूर्य पाण्यातून वर येतो, त्यामुळे किनाऱ्यावरचा मऊ प्रकाश पहाटे गाठावा लागतो. एक सावधगिरी मात्र हवी. झोर्कीसारख्या कापडी शटरच्या कॅमेऱ्याचे भिंग झाकण न लावता सूर्याकडे तोंड करून राहिले, तर कापडाला जळून भोक पडते.

रोल भरून झाला की खरी परीक्षा सुरू होते. कृष्णधवल फिल्म धुण्याच्या बहुतेक सूचना २० अंश सेल्सिअस धरून लिहिलेल्या असतात. चेन्नईत जानेवारीतील पहाटही सहसा विशीच्या खाली उतरत नाही आणि उन्हाळ्यात नळाचे पाणी तिशीच्या वर असते. रसायन उष्ण झाले की काम झपाट्याने होते. तापमान एका अंशाने वाढले की वेळ साधारण दहा टक्क्यांनी कमी करावा लागतो. तो चार-पाच मिनिटांच्या खाली गेला की चित्र डागाळलेले, असमान उमटते. त्यातच फिल्मवरील जिलेटिनचा थर उष्ण पाण्यात फुगतो, मऊ पडतो आणि नखानेही ओरखडला जातो. बर्फाच्या पाण्यात भांडे ठेवून रसायन थंड करणे हा सरळ उपाय. डेव्हलपरमध्ये सोडियम सल्फेट मिसळून थर फुगू न देण्याची युक्ती उष्ण प्रदेशांसाठीच रूढ झाली. गंमत अशी की रंगीत फिल्मची सी-४१ प्रक्रिया ३८ अंशांच्या आसपास चालते आणि तिला इथली हवा जवळची वाटावी. पण तिथे पाव अंशाची चूकही फार ठरते.

ही झुंज नवी नाही. मद्रासमध्ये छायाचित्रण संस्था १८५६ मध्ये सुरू झाली आणि त्याच सुमारास लिनियस ट्राइप हा लष्करी अधिकारी मद्रास सरकारचा छायाचित्रकार झाला. काचेवरील ओल्या लेपाची पद्धत तेव्हा नवी होती, पण तो लेप सुकण्याआधी काही मिनिटांतच सारे काम उरकावे लागे. दक्षिणेच्या उन्हात ते कठीण. ट्राइपने मेण लावलेल्या कागदी निगेटिव्हवर भर दिला. हा कागद आधी तयार करून ठेवता येई आणि चित्र घेतल्यावर सवडीने धुता येई. १८५८ मध्ये त्याने तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या जोत्यावरील तमिळ शिलालेख २१ छायाचित्रे एकापुढे एक जोडून टिपले. त्याच मंदिराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरविलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास आहे. तंजावरचे मराठी राज्य खालसा होऊन तेव्हा तीनच वर्षे झाली होती.

हवेखेरीज पाण्याचाही प्रश्न आहे. रसायन पूर्ण निघावे म्हणून फिल्म वाहत्या नळाखाली वीस-तीस मिनिटे धुण्याचा प्रघात होता. २०१९ च्या उन्हाळ्यात चेन्नईचे जलाशय कोरडे पडले आणि जोलारपेट्टैहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा शहरात अर्धा तास नळ सोडून ठेवणे कोणालाच परवडत नाही. इलफर्डने सुचवलेल्या पद्धतीत डबा पाण्याने भरून पाच वेळा उलटासुलटा करायचा, पाणी टाकायचे. पुन्हा भरून दहा वेळा, आणि तिसऱ्यांदा वीस वेळा. तीन डबे पाण्यात काम होते आणि फिल्मही टिकते.

फिल्म येते कुठून, या प्रश्नाचे उत्तर तामिळनाडूत थोडे दुखरे आहे. निलगिरीतील उदगमंडलम, म्हणजे उटी येथे १९६० मध्ये ‘हिंदुस्थान फोटो फिल्म्स’ ही सरकारी कंपनी स्थापन झाली. थंड, धूळरहित हवा या उद्योगाला अनुकूल होती आणि तंत्रज्ञान फ्रान्समधून घेतले होते. १९६७ पासून उत्पादन सुरू झाले. नाव होते ‘इंदू’. चांदीच्या क्षारांवर चालणाऱ्या धंद्याला चंद्राचे नाव देणाऱ्याला भाषेची जाण असावी. रुग्णालयांच्या एक्स-रे फिल्मपासून कृष्णधवल रोलपर्यंत या कारखान्याने देशाची गरज भागवली. वाढते कर्ज, आयात खुली झाल्यावर आलेली स्पर्धा आणि शेवटी डिजिटल तंत्र यांत तो खचला. १९९६ मध्ये आजारी उद्योग ठरला आणि २०१४ मध्ये उरलेल्या कर्मचाऱ्यांसाठी केंद्राने स्वेच्छानिवृत्तीची योजना मंजूर केली. आता प्रत्येक रोलच्या किमतीत परदेशी चलनाचा दर, जकात आणि वाहतूक मोजावी लागते.

महागाईवर उतारा म्हणून सिनेमाची फिल्म कापून लहान डब्यांत भरलेले रोल विकले जातात. यांतल्या अनेक फिल्मच्या पाठीवर काजळीचा काळा थर असतो. असा रोल न सांगता नेहमीच्या प्रयोगशाळेत दिला तर तो थर यंत्रात सुटतो आणि इतरांच्या फिल्मही खराब होतात. सिनेमानगरी म्हणून कोडंबाक्कम-सालिग्रामम भागात कधीकाळी फिल्म धुणाऱ्या मोठ्या प्रयोगशाळा रात्रंदिवस चालत. आज साधा रोल धुऊन देणारी दुकाने बोटांवर मोजावी लागतात आणि अनेक जण रोल टपालाने दुसऱ्या शहरात पाठवतात. मुदत उलटलेला स्वस्त रोल घेतलाच, तर दर दहा वर्षांमागे दुप्पट प्रकाश द्यावा, हा ठोकताळा उपयोगी पडतो. पण चेन्नईच्या उन्हाळ्यात दुकानाच्या फळीवर गेलेली दहा वर्षे थंड हवेतल्या दहा वर्षांहून जड असतात. ताजा रोल शीतकपाटात ठेवावा आणि वापरण्याआधी काही तास बंद डब्यासह बाहेर काढून ठेवावा, नाहीतर थंड फिल्मवर दव धरते. विमानप्रवासात तो हातातल्या पिशवीत असावा. तपासणीची नवी सीटी यंत्रे फिल्म खराब करतात, म्हणून हाताने तपासणीची विनंती करावी.

दुरुस्तीचे काय? फिल्म कॅमेऱ्याचे जुने कारागीर आता वयाने ज्येष्ठ झाले आहेत आणि हाताखाली शिकणारी मुले मोबाइल दुरुस्तीकडे वळली. कंपन्या सुटे भाग पुरवत नाहीत. म्हणून कारागिराच्या खणातले मेलेले कॅमेरे हेच त्याचे भांडार. खरेदीआधी आपल्या गावात या जातीचा कॅमेरा कोण उघडतो, हे विचारून घेणे किमतीची घासाघीस करण्याहून अधिक कामाचे.

पहिला रोल परीक्षेसाठीच खर्च करावा. एकाच दृश्याची निरनिराळ्या वेगांवर छायाचित्रे घेऊन प्रत्येकाची नोंद वहीत ठेवली, म्हणजे कोणता वेग चुकतो ते निगेटिव्ह पाहताच कळते. आणि प्रयोगशाळेने संगणकावर चित्रे पाठवली तरी निगेटिव्ह परत मागून घ्यावीत. ती न नेल्यास ठरावीक काळानंतर टाकून देण्याची रीत काही ठिकाणी आहे.