फांद्यांचा ढीग आणि मजुराचा हात

वळवाचे दिवस जवळ आले की निपाणी व आसपासच्या गावांत विजेच्या तारांखालच्या झाडांवर कोयता-कुऱ्हाड चालू लागते. रस्त्याकडेला फांद्यांचे ढीग पडतात. त्यांतील मनगटाएवढे लाकूड त्याच संध्याकाळी गोरगरिबांच्या चुलीकडे जाते, आणि ते तसेच जावे. उरतो तो काटक्यांचा व पाल्याचा गुंता. त्यास काडी लावणे हा आपला पिढीजात उपाय. २०१६ सालच्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी त्यास मनाई केली. त्याच वर्षी डिसेंबरात राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने उघड्यावर कचरा जाळणाऱ्यास ५,००० रुपये दंड सांगितला. तथापि दंड सांगितल्याने ढीग हलत नाही. फांद्यांच्या ढलप्या करणारे छोटे यंत्र तो हलवू शकते. मात्र ते घ्यावे कोणते आणि चालवावे कसे, याचा विचार आधी व्हावयास हवा.

हे यंत्र म्हणजे आपल्या कडबाकुट्टीचे थोरले भावंडच. जड तबकडीवर किंवा ढोलावर बसविलेली पाती वेगाने फिरतात आणि समोरच्या स्थिर पात्यावर फांदी कापली जाते. या दोहोंतील फट वाढली, की लाकूड कापले न जाता पिंजले जाते व तोंड तुंबते. विक्रेता अश्वशक्तीचा आकडा पुढे करतो. गिऱ्हाइकाने पाती काढता-घालता येतात का, धार गावातच लावून मिळेल का, हे विचारावे. तीन इंचांची फांदी चालेल असे छापलेले असते, ते बहुधा ओल्या, मऊ व सरळ लाकडापुरते. आमच्याकडील वाळल्या बाभळीस व चिंचेस ते लावू नये. तेथे दोन इंच धरून चालावे.

निपाणीचा मुलूख तंबाखूप्रमाणेच उसाचाही. ट्रॅक्टरांस येथे तोटा नाही. ट्रॅक्टरच्या मागील दांड्यावर, मिनिटास ५४० फेऱ्यांनी चालणारे यंत्र घेतल्यास निराळ्या इंजिनाचा खर्च वाचतो. वर्षातून चार दिवस लागणारी वस्तू प्रत्येकाने घेऊन गंजत ठेवण्यापेक्षा नगरपालिकेने वा सहकारी सोसायटीने एक घ्यावी व भाड्याने द्यावी, असे आम्हांस वाटते.

परंतु भाड्याच्या यंत्रापुढे भाड्याचाच माणूस उभा राहतो, आणि आमची खरी चिंता ही आहे. मळणीयंत्रांनी मजुरांचे हात जाऊ लागले, तेव्हा १९८३ साली धोकादायक यंत्रांचा कायदा करावा लागला. हे यंत्र तर फांदी स्वतःच आत ओढते. तीत पदर, मफलर वा सैल बाही गुंतली, तर सोडविण्यास क्षणाचाही अवसर मिळत नाही. म्हणून बुंध्याकडील टोक आधी घालावे, बाजूस उभे राहावे, आणि शेवटच्या काटक्या हाताने नव्हे, लांब काठीने लोटाव्यात. डोळ्यांवर चष्मा हवाच. तुंबलेले तोंड मोकळे करताना इंजिन बंद केले एवढ्याने भागत नाही. जड तबकडी त्यानंतरही बराच वेळ फिरत राहते. ती पूर्ण थांबेतो हात दूर ठेवावा. यंत्रावरील सूचना बहुधा इंग्रजीत असतात. येथील भाषेचा वाद जगजाहीर आहे. तो या पाटीपुरता बाजूस ठेवून सूचना मराठी व कन्नड अशा दोन्ही भाषांत ठळक रंगवाव्यात.

ढलप्या ताज्या मातीत मिसळू नयेत. कुजताना त्या जमिनीतील नत्र ओढून घेतात. शेणकाला घालून काही महिने कुजवाव्यात, किंवा झाडाच्या आळ्यात वरच्यावर दोन-तीन इंच पसराव्यात, खोडापासून वीतभर दूर. देवगडहून फोंडाघाट चढून निपाणीस येणारा रस्ता ज्यांच्या दारावरून जातो, त्या आमच्या किनाऱ्यावरील वाचकांसही हे उपयोगी पडेल. आंब्याची छाटणी या यंत्रात सुखाने जाते. माडाच्या झावळ्यांचे धागे मात्र दांड्याभोवती गुंडाळतात. त्या अखंड न घालता तोडून, लाकडी फांद्यांबरोबर थोड्याथोड्या द्याव्यात, आणि पात्यांस धार नेहमीपेक्षा लवकर लावावी.